बुडायला शिकलेला देवदूत

शहरात देवदूत राहायला येऊन वीस-बावीस वर्षं झाली होती. सुरुवातीला लोक रस्त्यात थांबून माना वर करायचे, त्यांच्यासोबत फोटो काढून घ्यायचे, परीक्षेत पास होण्यापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं त्यांच्याकडे मागायचे. यांच्याकडे द्यायला काही नाही, यांना फक्त उडता येतं, हे कळलं तेव्हा उत्साह ओसरला आणि सवय झाली. देवदूतही चार लोकांसारखे भाड्याच्या खोल्या शोधू लागले, कामाला जाऊ लागले. बसमध्ये पंख मिटून कोपऱ्यात उभे राहायचे आणि कुणी ‘जरा आत सरका की’ म्हणालं, की ओशाळून सरकायचे.

पारवा त्यांच्यातलाच एक. त्याचं खरं नाव माणसांच्या जिभेला पेलणारं नव्हतं. पंख राखाडी, मानेपाशी किंचित हिरवट, म्हणून गल्लीने त्याला पारवा करून टाकलं. तो रस्त्यावरचे दिवे बदलायचा. शिडी लागत नाही, गाडी लागत नाही, म्हणून पालिकेतले साहेब त्याच्यावर खूश असायचे.

एका दुपारी तो कालव्याच्या वळणावरचा दिवा बदलत होता. तिथे कठडा नव्हता. जवळच्या वेल्डरची सात वर्षांची मुलगी सायकलवरून आली, चाक घसरलं आणि ती सायकलसकट पाण्यात गेली. पारव्याने दिवा टाकून झेप घेतली. त्याला तिचा हात दिसला. तो पोचेपर्यंत हात खाली गेला होता. मग तो त्या गढूळ पाण्यावर घिरट्या घालत राहिला. देवदूतांचे पंख कापसासारखे पाणी पितात. पाण्यात गेलेला देवदूत वर येत नाही, हे त्यांच्यातल्या लहानग्यालाही ठाऊक असतं. पाणबुडे आले तेव्हा पाऊण तास उलटला होता. वेल्डर तोवर काठावर उभा होता, आणि त्याची नजर पाण्यावर नव्हती, वर पारव्यावर होती.

पंधराव्या दिवशी सकाळी सहा वाजता पारवा सार्वजनिक तलावाच्या फाटकाशी उभा राहिला.

तलावावर पोहायला शिकवणाऱ्या बाईंना सगळे शिट्टीबाई म्हणत. वय अठ्ठावन्न, आवाज खणखणीत, गळ्यात शिट्टी. अर्ध्या शहराला त्यांनी पाण्यात ढकललं होतं आणि त्या अर्ध्या शहराला त्यांचा अजून धाक होता. पारव्याने पोहायला शिकायचंय म्हटलं तेव्हा त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि सांगितलं, की इथे नियमांच्या पाटीवर ‘अंगाला तेल लावून उतरू नये’ असं आहे, पंखांबद्दल काही नाही. पण ते पाटी लिहिणाऱ्याला सुचलं नसावं म्हणून. तुम्ही बुडाल तर उत्तर मी द्यायचं. घरी जा.

तो गेला. दुसऱ्या दिवशी सहाला परत उभा. तिसऱ्या दिवशीही. हुज्जत नाही, विनवणी नाही. नवव्या दिवशी शिट्टीबाईंनी विचारलं, की एवढी हौस कशाची?

पारव्याने सगळं सांगितलं. हात कसा दिसला, किती बोटं दिसली, तेही.

बाईंनी त्याच्याकडे पाठ करून फाटक उघडलं. ‘चपला इथे काढ,’ म्हणाल्या.

पहिल्या महिन्यात त्यांनी त्याला तरंगायला शिकवायचा प्रयत्न केला. उथळ पाण्यात आडवा करून पाठीखाली हात धरला. दोन मिनिटांत पंख भिजले आणि बाईंच्या हातावर जणू पोत्यामागून पोतं येऊन पडलं. पंखांना मेण लावून पाहिलं, तलावभर मेणाचे गोळे तरंगले आणि सफाईवाला दोन दिवस बोलला नाही. पंख प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पाहिले, तर त्यात हवा भरली आणि पारवा उलटा झाला. एकदा तो हळूच खोल भागाकडे सरकला आणि दिसेनासा झाला. बाई कपड्यांनिशी उडी मारून खाली गेल्या. दोन जीवरक्षक आणि आकडीची काठी लावून त्याला वर घेतलं, तेव्हा बाई धापा टाकत होत्या आणि तो मात्र शांत होता. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार मिनिटं झाली होती. देवदूतांना श्वास कमी लागतो हे त्याने तेव्हा सांगितलं. आधी कुणी विचारलं नव्हतं म्हणून.

शिट्टीबाई घरी नणंदेसोबत राहायच्या. नवरा वारल्यावर दोघींनी मिळून दोन खोल्यांचा संसार थाटला होता. नणंद निवृत्त परिचारिका, शिवणकामात तरबेज, आणि कुणाच्या चुकीवर बोट ठेवताना तिला कधी संकोच वाटला नव्हता. त्या संध्याकाळी बाई खांदा शेकत बसल्या होत्या आणि आपलं शिकवणंच कमी पडतंय, पाय मारायची पद्धत बदलून बघते, असं म्हणत होत्या.

नणंद मशीनवरून मान न उचलता म्हणाली, ‘वहिनी, तुला तरी कळतंय का तू काय करतेस? जे त्याला जमत नाही तेच शिकवत बसलीयेस. खाली जायला त्याला शिकवावं लागतं का?’

‘वन्सं, खाली सगळेच जातात. वर कोण येणार?’

‘वर तो कशाला येईल? वर ओढायचं. दोर कशासाठी असतो?’

बाईंच्या हातातली शेकायची पिशवी तशीच राहिली. त्यांनी हिशेब मांडला. माणसाला तळाशी जायला वजनं बांधावी लागतात, हवेची नळकांडी लागतात, ती चढवण्यातच वेळ जातो. हा तर नुसता उतरला की सरळ तळाशी. पाच मिनिटं तिथे राहील. हात मोकळे. फक्त वर घ्यायला कुणीतरी हवं.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणं पालटलं. बाई त्याला बुडायला शिकवू लागल्या. पाय खाली ठेवून उतरायचं, पंख पाठीशी घट्ट मिटायचे, घाबरल्यासारखं झालं तर हलायचं नाही. डोळ्यांवर काळी पट्टी बांधून तळाला टाकलेल्या विटा हाताने शोधायच्या. दोराला एक झटका म्हणजे ‘सैल सोडा’, दोन म्हणजे ‘ओढा’. नणंदेने तंबूच्या कापडाचा पट्टा शिवला, पंखांना अडणार नाही असा, काखेतून आणि मांड्यांतून जाणारा, कमरेशी हातोडी-सुरीचा खिसा असलेला. मापं घेताना तिने पारव्याला इतकं फिरवलं की त्याला घेरी आली.

अडचण ओढण्याची होती. भिजलेला पारवा तीन माणसांच्या वजनाचा व्हायचा. सहा जणांनी ओढलं तरी हात सोलून निघायचे, आणि कालव्यावर वेळेला सहा जण कुठून आणायचे? हाताने फिरवायचा मजबूत रहाट हवा होता, जमिनीत पक्का रोवलेला, एका माणसाने चालवता येईल असा. तसलं काम शहरात एकच माणूस नीट करू शकत होता, आणि त्याचं वर्कशॉप नेमकं त्या वळणावर होतं.

शिट्टीबाई एकट्याच गेल्या. वेल्डर गेट जोडत होता. त्याने डोळ्यांवरची काच वर केली नाही. बाईंनी ठिणग्यांच्या आवाजावर आवाज चढवून काय हवंय ते सांगितलं, कुणासाठी हवंय तेही लपवलं नाही. काम थांबलं.

‘तो वर फिरत होता,’ तो म्हणाला. ‘मी खाली उभा होतो. मला पोहता येत नाही. त्याला उडता येत होतं.’

बाई म्हणाल्या, की तुम्ही बोलताय ते खरं आहे. त्याची बाजू मांडायला मी आलेली नाही. मला फक्त रहाट हवाय.

‘करून देतो. दोरही मीच धरीन, माझ्या दारात आहे म्हणून. पण त्याच्याशी बोलणार नाही.’

‘बोलायची गरज नाही. एक झटका, दोन झटके, एवढंच आहे,’ बाई म्हणाल्या.

दहा दिवसांत रहाट उभा राहिला. दातेरी चाकाला अडकण होती, त्यामुळे हात सुटला तरी दोर मागे जात नव्हता. दर रविवारी सकाळी सराव सुरू झाला. पारवा उतरायचा, वेल्डर रहाट फिरवायचा, बाई घड्याळ धरायच्या. दोघं पुरुष एकमेकांकडे बघायचेही नाहीत. पारवा वर आला की वर्कशॉपच्या पत्र्यावर पंख पसरून वाळत पडायचा. एका बुडीनंतर पंख वाळायला दोन दिवस लागायचे आणि तोवर तो दिव्यांच्या कामाला शिडी घेऊन जायचा. साहेबांची नाराजी लपत नव्हती.

ही बातमी देवदूतांत पोचायला वेळ लागला नाही. त्यांच्यातले थोरले टपाल कचेरीत खिडकीवर बसत, सगळे त्यांचं ऐकत. एका रविवारी ते कालव्यावर आले आणि काठापासून हातभर मागे थांबले. त्यांनी रागावून काही म्हटलं नाही. पारव्याला समजावलं, की भिजून वाळून, भिजून वाळून पिसं कुजतात. दोन वर्षांत तुला उडता येणार नाही. पश्चात्ताप असतो, तो झाला, आता पुरे.

‘पाणी आपल्या वाट्याला आलेलं नाही,’ थोरले शेवटी म्हणाले.

‘ती मुलगीही माझ्या वाट्याला आली नव्हती,’ पारवा म्हणाला. ‘मी फक्त तिथे होतो. पुढच्या वेळी असेन तेव्हा मला काहीतरी करता यायला हवं. उडणं गेलं तर बसने फिरेन.’

थोरल्यांनी नाइलाजाने मान हलवली आणि ते निघून गेले. वेल्डर रहाटाला वंगण घालत होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, पाव पोचवणारी एक व्हॅन त्या वळणावर घसरली. पुढचं चाक काठावरून सुटलं आणि गाडी नाक खाली करून पाण्यात गेली. चालवणारी मुलगी आत होती. वर्कशॉपमधून वेल्डर धावत बाहेर आला. पारवा दोन रस्ते पलीकडे खांबावर होता. आरडाओरडा ऐकून तो उडत आला आणि थेट वर्कशॉपच्या दारात उतरला. वेल्डरने पट्टा आधीच हातात धरला होता. त्याने तो त्याच्या अंगावर चढवला, बकल आवळलं, दोराची आकडी अडकवली. पारवा पाय खाली ठेवून पाण्यात उतरला आणि दगडासारखा खाली गेला.

गाडी पडताच शिट्टीबाईंना फोन गेला होता; त्या नणंदेबरोबर जवळच्याच बाजारात होत्या, रिक्षाने मिनिटाभरात पोचल्या. काठावर गर्दी होती. मधोमध वेल्डर रहाटाच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभा, आणि नजर दोरावर. दोर एकदा हलला. त्याने सैल सोडला. पुन्हा एकदा हलला. बाईंना समजलं, की गाडी पुढे सरकली असणार आणि तो तिच्यामागे चाललाय. त्या मनातल्या मनात खाली त्याच्याबरोबर होत्या: दार दाबलेलं असेल, काच शोध, कोपऱ्यावर मार, सीटचा पट्टा काप. कुणीतरी म्हणालं, तो गेला असेल. बाईंनी शिट्टी फुंकली आणि सगळे गप्प झाले.

दोन झटके.

वेल्डरने रहाट फिरवला. मदतीला आलेल्या दोघांना त्याने कोपराने बाजूला केलं, त्यांच्यामुळे लय बिघडत होती. आधी पंख वर आले, काळे पडलेले, चिखलाने लडबडलेले. मग पारव्याचं डोकं, आणि त्याने छातीशी कवटाळलेली मुलगी. नणंद बाईंच्या मागोमाग आली होती. तिने मुलीला कुशीवर वळवलं, तोंड साफ केलं, मग उताणं करून छातीवर दाब दिले. मुलगी खोकली, पाणी ओकली, आणि भेदरलेल्या डोळ्यांनी सगळ्यांकडे बघून रडायला लागली. नणंद म्हणाली, रड बाई, मोठ्याने रड, छान चाललंय.

गर्दी पारव्याभोवती जमली. शिट्टीबाईंना वेल्डर दिसेना. तो वर्कशॉपच्या आत स्टुलावर बसला होता. तळहात सोलून निघाले होते. बाई दारात थांबल्या.

‘तीन मिनिटं वीस सेकंद,’ तो म्हणाला. ‘मी मोजत होतो. एवढ्यात माझी पोरही वर आली असती.’

बाईंनी नणंदेच्या पिशवीतून पट्टी आणून त्याच्या हातांना बांधली आणि तो रडायचा थांबेपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या.

पुढच्या आठवड्यात वेल्डरने वळणावर लोखंडी कठडा बसवला. परवानगी कुणाची, हे विचारायला आलेल्या पाटबंधारे खात्याच्या साहेबाला त्याने परत पाठवलं. पारव्याशी तो अजूनही बोलत नाही, पण रविवारी सकाळी सरावाआधी दोराचा हात न् हात तपासून ठेवतो. पारव्याला आता चौथ्या मजल्याच्या वर उडताना धाप लागते. डाव्या पंखाची टोकाची पिसं गेली आहेत. दिव्यांचं काम सुटून त्याला अग्निशामक दलात घेतलंय, आणि महिन्यापूर्वी दोन तरुण देवदूत, एक मुलगी आणि एक मुलगा, थोरल्यांना न विचारता तलावाच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. शिट्टीबाईंनी त्यांना नऊ दिवस थांबवलं नाही. सरळ चपला काढायला सांगितल्या.

पारवा स्वतः अजूनही सकाळी सहाला येतो. नवशिक्यांचं झालं की उथळ पाण्यात आडवा होतो आणि बाई पाठीखाली हात धरतात. त्याला अजून तरंगता येत नाही. काल मात्र बाईंनी हात काढून घेतल्यावर तो वर टिकला, आणि त्यांनी सात आकडे मोजले.