बटणांच्या कारखान्याचं शेवटचं वर्ष

मामा येणार हे कळलं आणि फौजदाराच्या मनात पाल चुकचुकली.

फौजदार म्हणजे घरातली एकुलती एक मुलगी. लहानपणापासून दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांची उलटतपासणी घ्यायची, म्हणून मामानेच ठेवलेलं हे नाव. आता ती कॉलेजात उद्योगधंद्यांचा इतिहास शिकवायची आणि बटणांच्या धंद्यावर पुस्तक लिहीत होती. जुनी खोड तीच, फक्त आता तिचा पगार मिळत होता.

मामाने तीस वर्षांनी आईला फोन केला होता. "थकलोय गं ताई. चार दिवस येऊन राहू का तुझ्याकडे?" आई हो म्हणून मोकळी झाली होती, वर त्याच्यासाठी गादीही उन्हात टाकली होती.

चार दिवस म्हणे! फौजदाराला घरची कहाणी तोंडपाठ होती. बाबा आणि मामा मिळून शिंपल्याची बटणं बनवायचे. तो कारखाना चालू असतानाच मामाने गुपचूप प्लॅस्टिकच्या बटणांचा स्वतःचा कारखाना काढला, गिऱ्हाइकं पळवली आणि बाबांच्या पोटावर पाय दिला. बाबांनी अंथरूण धरलं ते पुन्हा उठले नाहीत. तेव्हा ती शाळेत होती. असल्या माणसाला आता बहीण आठवते, यामागे काहीतरी काळंबेरं असणारच. आईचा स्वभाव पडला भोळा. तिला छापील पुरावा दाखवल्याशिवाय पटायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने ग्रंथालयाचं तळघर गाठलं. तिथला ग्रंथपाल काहीही मागितलं की आधी "कशाला हवंय?" विचारायचा. आज त्याने जरा जास्तच वेळ लावला, तेव्हा यालाही मामाने फितवलंय की काय, अशी शंका तिला येऊन गेली. स्वतःचंच हसू आलं, पण शंका काही गेली नाही.

शेवटी त्याने व्यापारसूची आणून आदळली. शहरातल्या झाडून साऱ्या कारखान्यांची नावं आणि पत्ते देणारं हे जाडजूड पुस्तक दरवर्षी निघायचं. तिने मामाच्या कारखान्याचं पहिलं वर्ष काढलं, 'बटणं'वर बोट ठेवलं. वर बाबांचा कारखाना. त्याच पानावर खाली मामाचा. वर्ष एकच.

"सापडलास!" ती पुटपुटली आणि जिन्यात जाऊन तिने आईला फोन लावला.

"आई, मला सगळं कळलंय. छापलेलं आहे. त्याला येऊ देऊ नकोस."

आई हळूच म्हणाली, "सगळं?"

"सगळं. बाबांचं काय झालं तेसुद्धा."

"बरं," आई म्हणाली. "सांगते त्याला, येऊ नकोस म्हणून."

फौजदार जिंकल्यासारखी परत येऊन बसली. शिंपल्यांचे भाव हवे होते म्हणून तिने वर्तमानपत्रांचा जुना गठ्ठा मागवला आणि पानं उलटता उलटता थबकली. जाहीर लिलाव. शिंपल्याची बटणं कापायची यंत्रं, कारखाना बंद केल्यामुळे विकणे आहेत. पत्ता ओळखीचा होता आणि खाली बाबांचं नाव होतं. तारीख मामाच्या कारखान्याच्या आदल्या वर्षाची.

हेही मामाचंच कारस्थान, असं तिला आधी वाटलं. बाबांच्या नावाने जाहिरात त्यानेच दिली असणार. म्हणून तिने बटण कारखानदारांच्या संघाचं मासिक काढलं. त्यातही, त्याच महिन्यात, धंदा बंद केलेल्या सभासदांमध्ये बाबा होते. संघाने आभार मानून निरोप दिला होता.

तिने व्यापारसूची पुन्हा ओढली आणि पहिलं पान उघडलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं: ज्यांनी बदल कळवला नाही, त्यांची नोंद गेल्या वर्षीप्रमाणेच छापली आहे.

मेलेला कारखाना सूचीत वर्षानुवर्षं जिवंत असतो, एका साधनावर भिस्त ठेवू नका, हे ती दरवर्षी मुलांच्या कानीकपाळी ओरडायची. आणि स्वतः मात्र हवं ते दिसताच पुस्तक मिटून फोन करायला पळाली होती.

घरी आली तेव्हा आई ती गादी गुंडाळत होती.

"आई, कारखाना बाबांनीच बंद केला होता. मामाचा सुरू व्हायच्या आधी."

"सकाळी तेच म्हणालीस ना?"

"नाही गं. मी नेमकं उलटं समजले होते."

आई गादीवरच बसली. "यंत्रं विकल्यावरही हे वर्षभर डबा घेऊन बाहेर पडायचे. बागेत बसून संध्याकाळी घरी. तू दारात उभी राहून हात हलवायचीस. मामाने नव्या कारखान्यात बरोबरीने बोलावलं, हातापाया पडला यांच्या. पण प्लॅस्टिकला हात लावणार नाही म्हणाले. खचत गेले आणि गेले. मग तू माझ्यामागे लागलीस, बाबांचा कारखाना कुणी बुडवला? रोज एकच प्रश्न. तेव्हा मामा म्हणाला, माझं नाव सांग. पोरीला बाप चांगला हवा, मामा वाईट असला तरी चालतं."

"आणि तू सांगितलंस?"

"सांगितलं. मग तू त्याच्याकडे जशी बघायचीस, ते त्याला सोसेना. यायचाच बंद झाला."

"मग आज त्याला नको का म्हणालीस?"

"सगळं कळूनही येऊ देऊ नकोस म्हणालीस. मला वाटलं, आम्ही दोघांनी तुला फसवलं म्हणून चिडलीस. कुठल्या तोंडाने त्याला बोलावू?"

"काय म्हणाला तो?"

"काही नाही. फौजदाराला फार लागलं का, एवढंच विचारलं."

तिने आईचा फोन उचलला आणि मामाचा नंबर लावला. तिकडून एक म्हातारा, दमलेला आवाज आला.

"मी बोलतेय," ती कशीबशी म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"कोण?" मामाने संशयाने विचारलं. "ताईच्या फोनवरून कोण बोलतंय? ताई बरी आहे ना? अहो बाई, कोण तुम्ही?"

तिचा मोठेपणीचा आवाज त्याने कधी ऐकलाच नव्हता.