ब्रिगिडला आत घ्या

"विळा नाही आणलास, म्हणजे आज बापाच्या दारात जाणार तर!" सॅली दगडी कुंपणावर कोपर टेकून म्हणाली.

ब्रायडी चिखलात उभी राहून लव्हाळी उपटत होती. संत ब्रिगिडच्या सणाला दारावर टांगायचा क्रूस ज्या लव्हाळ्यांचा विणतात, त्यांना लोखंड लावायचं नाही, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"जाणार," ती म्हणाली. "आणि तू गावभर दवंडी पिटू नकोस."

"मी? अगं, अवाक्षर काढायची नाही!" असं म्हणून सॅली घाईघाईने गावाकडे निघालीसुद्धा.

ब्रायडी गावची नर्स. तिला कुठलंच दार बंद नव्हतं. बाळंतिणीच्या घरात ती न ठोठावता शिरे, म्हाताऱ्यांच्या पायाच्या जखमा बांधता बांधता सुनांची गाऱ्हाणी ऐके, आणि नको नको म्हणत चहाचा दुसरा कप पिऊनच उठे. बंद होतं ते एकच दार, तिच्या बापाचं.

मॅनसने सारी हयात शाळेची बस चालवली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तरी चालवत होता. रस्ता आपल्याला तोंडपाठ आहे म्हणायचा. एके सकाळी त्याने बस पुलाच्या कठड्याला घासली. आत पोरं होती. ब्रायडीने सरळ डॉक्टरांना सांगितलं आणि बसची किल्ली गेली. "माझ्या उंबऱ्यावर पाऊल ठेवू नकोस," मॅनस म्हणाला. ऑपरेशनही करून घेईना. पोरीने आंधळं ठरवलंय ना, मग आंधळाच राहतो, असा त्याचा हट्ट. आई होती तोवर मागच्या दाराने ख्यालीखुशाली तरी कळे. आई गेली आणि तेही संपलं. म्हातारा आता उकळतं पाणी कपाबाहेर ओततो, असं सॅली सांगे आणि ब्रायडीच्या घशाखाली घास उतरत नसे.

पण म्हातारा रिवाजाचा पक्का होता. सणाच्या आदल्या संध्याकाळी घरच्या लेकीने लव्हाळ्यांची मोळी घेऊन दाराबाहेर उभं राहायचं, संताच्या नावाने तीनदा पुकारायचं आणि आतल्यांनी तिला ब्रिगिड मानून आत घ्यायचं. पोरीला तो नाही म्हणेल; ब्रिगिडला नाही म्हणायची त्याची छाती होईल का, एवढाच प्रश्न होता. मरायला टेकलेल्या एका अडेलतट्टू सरदाराच्या उशाशी बसून ब्रिगिडने पहिला क्रूस विणला, ही गोष्ट आईने ब्रायडीला कितीदा तरी सांगितली होती. "तीसुद्धा नर्सच की गं," आई म्हणे.

संध्याकाळी ब्रायडी मोळी छातीशी धरून दारासमोर उभी राहिली.

"गुडघे टेका, डोळे उघडा, आणि ब्रिगिडला आत घ्या!"

आत खुर्ची करकरली. तिने पुन्हा पुकारलं.

"डोळ्यांवरून टोमणे मारायला आलीस होय गं?" आतून आवाज आला.

"मी कशाला मारू? आजीच्या आजीपासून हेच म्हणतात. तक्रार असली तर तिच्याकडे करा."

"ती मेलीय."

"मग उघडा दार. नाहीतर मीही मरेन गारठून."

"नर्स आहेस ना? गोळी घे."

कुंपणाआड कुणीतरी फिसकन हसलं. ब्रायडीला मात्र हसू आलं नाही. आता तिसरी हाक, ही फुकट गेली तर पुढच्या वर्षी इथे उभं राहायचं बळ आपल्यात उरणार नाही, हे तिला पक्कं कळत होतं. तिने डोळे मिटले आणि आईच्या चालीवर हाक दिली.

मग आत जमिनीवर काहीतरी धपकन टेकलं. कण्हणं ऐकू आलं. पुन्हा एकदा धपकन.

"ये, ब्रिगिड, ये," म्हातारा म्हणाला. "घर तुझंच आहे."

ब्रायडीने दार ढकललं. कडी लावलेलीच नव्हती.

"घेतली! आत घेतली!" कुंपणामागून सॅली ओरडली, आणि तिच्यामागे लपलेल्या अर्ध्या गावाने टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या.

"दार लाव," गुडघ्यांवरूनच मॅनस गुरगुरला. "जत्रा भरलीय काय? आणि हात दे. टेकले खरे, आता उठवत नाहीये."

तिने त्याला काखेत धरून उठवलं. किती हलका झाला होता! ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडली आणि त्याने तिला रडू दिलं.

"खिडकीबाहेर फडकं टाकलंय, दिसलं का?" जरा वेळाने तो म्हणाला. त्या रात्री ब्रिगिड घरांवरून जाताना अशा फडक्याला हात लावते असं मानतात, मग ते दुखऱ्या जागी बांधायचं.

"डोकं दुखतं का, बाबा?"

"डोकं ठणठणीत आहे. डोळ्यांसाठी टाकलंय. पण तिला आज घरं पुष्कळ असणार. तू आपली त्या ऑपरेशनवाल्याशी बोलून ठेव."

दोघं शेकोटीशी विणायला बसले. म्हाताऱ्याची बोटं न बघताच लव्हाळी दुमडत होती. क्रूसाची एक बाजू जराशी आखूड झाली. ब्रायडीचा हात पुढे गेला, पण तिने तो मागे घेतला.

क्रूस टांगायचा दारावरचा खिळा मॅनसने चाचपून स्वतःच शोधला. स्टूल मात्र त्याने तिला धरू दिलं.