उलट्या बाजूची खुर्ची

मित्रांनो, मी सांगते ते सारे १९६६ साली, एकाच हिवाळ्यात घडले. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, म्हणजे खुर्च्यांच्या मानाने ऐन उमेदीत. आज मी एक जुनी, एका पायाने लंगडी खुर्ची आहे. विद्यापीठाच्या दप्तरखान्यात फुटक्या कपाटांच्या मागे माझा मुक्काम असतो. दिवा बदलायचा असला की कोणीतरी मला ओढत नेतो, बुटांसकट माझ्यावर उभा राहतो आणि काम झाले की पुन्हा ढकलून देतो.

मला घडवले ते विद्यापीठाच्या सुताराने. एका मोडलेल्या दाराच्या लाकडातून त्याने माझे हात काढले. त्याची बायको शेजारी बसून माझी वेताची बैठक विणत होती.

"उजवा हात जरा रुंद ठेवतो. वही ठेवायला बरा," तो म्हणाला.

"ठेवा की. बसणारा काय तुम्हाला पत्र लिहून कळवणार आहे?"

त्याने रुंद ठेवला. पुढे त्याच हाताने सगळे केले, म्हणून सांगितले.

माझे चांगले दिवस आले ते बाईंमुळे. बाई विद्यापीठात 'नागरिक आणि स्वातंत्र्य' हा विषय शिकवीत. अंगाने किरकोळ, पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाई. त्यांच्या वर्गात एक रीत होती. दर गुरुवारी पत्र्याच्या डब्यातून चिठ्ठी काढायची. जिचे किंवा ज्याचे नाव निघेल, त्याने माझ्यावर बसायचे आणि साऱ्या वर्गाला जे खरे वाटते, त्याच्या उलट बाजू मांडायची. उगाच वरवर नाही, जीव ओतून. बोलून झाले की उठताना माझ्या उजव्या हातावर दोनदा थाप मारायची. त्याचा अर्थ असा, की बोललेले सगळे इथेच ठेवले. ते शब्द खुर्चीचे. बाहेर त्यावरून कोणी कोणाला टोमणा मारायचा नाही.

"नावडती बाजू एकदा तोंडात घोळवून बघा," बाई म्हणत. "मग हवी तर थुंका."

माझ्यावर बसून मुलांनी काय काय मांडले. राजाची बाजू घेतली, तुरुंगाची घेतली, एकाने तर परीक्षेत नक्कल करण्याची घेतली आणि बाईंनाच घाम फोडला. मला या कामाचा फार अभिमान होता. इतर खुर्च्यांवर माणसे नुसती बसत. माझ्यावर बसून ती थोडा वेळ दुसरी कोणीतरी होत.

वर्गाचा एक चिटणीस होता. बोललेला शब्द न् शब्द तो वहीत उतरवी आणि बाई दर महिन्याला तिची नक्कल कुलसचिवांच्या कार्यालयात धाडत. ती कोणी मागितली नव्हती. पण बाईंचे म्हणणे असे, "स्वातंत्र्य शिकवायचं आणि वही झाकून ठेवायची, हे मला जमायचं नाही."

त्या हिवाळ्यात शहरात संप झाले. धरपकड सुरू झाली. वसतिगृहात येणारी-जाणारी पत्रे उघडून वाचावीत, असे विद्यापीठाच्या मनात आले. निर्णय व्हायचा होता. वर्ग तर नुसता पेटला होता. आणि त्या गुरुवारी चिठ्ठी निघाली घुमीची.

घुमी म्हणजे खिडकीजवळ बसणारी मुलगी. वर्षभरात तिने तोंडातून चार वाक्ये काढली नव्हती, म्हणून हे नाव. तिच्या खोलीत राहणारी मुलगी वयाने मोठी होती, तिला सगळे ताई म्हणत. ताईचा भाऊ संपवाल्यांपैकी होता आणि लपून राहत होता. ताई त्याला दुसऱ्याच नावाने पत्रे लिही. हे घुमीला ठाऊक होते, आणखी कोणाला नाही.

"ऊठ घुमे," ताई म्हणाली. "तुला जीभ आहे की नाही, ते आज कळू दे सगळ्यांना."

हशा पिकला. घुमी आली आणि माझ्या बैठकीच्या कडेला अवघडून बसली. पत्रे उघडावीत, ही बाजू आता तिला मांडायची होती. आणि मग ती बोलू लागली.

"जिच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, तिला उघड्या पाकिटाची भीती कसली? आणि जिच्याकडे आहे, तिच्या शेजारच्या खाटेवर मी झोपते. मला कळायला नको?"

ती दहा मिनिटे बोलली. पहिली टाळी ताईनेच वाजवली.

"अगं, तू तर मलाच पटवलंस. आता माझी पत्रं मीच उघडून ठेवते."

घुमी हसली. पहिल्यांदाच. माझ्या हातावर दोन थापा मारून ती जागेवर गेली. चिटणिसाने वहीला टीपकागद लावला.

दोन आठवड्यांनी वसतिगृहाच्या फलकावर सूचना लागली. पत्रे उघडली जातील. खाली घुमीची ती तीन वाक्ये छापली होती आणि त्याखाली 'स्वातंत्र्याच्या वर्गातील एका विद्यार्थिनीचे मत' असे लिहिले होते. त्या सकाळच्या टपालात ताईचे पत्र आधीच पडलेले होते. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ धरला गेला. विद्यापीठातून ताईचे नाव काढायचे की नाही, हे ठरवायला समिती बसली.

घुमी स्वतःहून समितीपुढे गेली. बाईंनी शिपायाला सांगून मलाही तिथे नेले. समितीतले सारे जण गुबगुबीत खुर्च्यांवर बसले होते.

"ते माझं मत नव्हतं," घुमी म्हणाली. "ते खुर्चीचे शब्द होते. सूचनेतून काढून टाका आणि ताईला राहू द्या."

कुलसचिव मऊ स्वभावाचे गृहस्थ होते. "बाळ, मी तुझं भाषण दोनदा वाचलं. आम्हाला इतकं नीट मांडता आलं नसतं. आता खुर्चीची साक्ष घेऊ म्हणतेस?"

"वर्गाचा तसा नियम आहे," बाई म्हणाल्या.

"कुठे लिहिलाय?"

बाईंबरोबर आलेल्या चिटणिसाने वही उघडली. पाने उलटली, पहिल्यापासून पुन्हा उलटली. कोणी खोकले तेसुद्धा त्यात होते. नियम कुठेच नव्हता.

"साहेब, तो सगळ्यांना माहीत आहे," तो म्हणाला. "सगळ्यांना माहीत असलेलं कोण लिहितं?"

"तेच तर आधी लिहायचं असतं," कुलसचिव म्हणाले आणि वही मिटली. ते मला अजून ऐकू येते, कारण त्यांचे ते एक वाक्य खरे होते.

ताईचे नाव त्याच दुपारी काढले गेले. ती वळकटी घेऊन निघाली, तेव्हा घुमी फाटकापर्यंत मागे मागे गेली. ताईने वळून पाहिले नाही, असे शिपाई मला परत आणताना दुसऱ्याला सांगत होता.

पुढे ताई कुठे गेली, ते कोणालाच कळले नाही. तिचा भाऊ आठ वर्षांनी सुटला आणि बहिणीचा पत्ता विचारायला याच दप्तरखान्यात आला. कारकुनाकडे पत्ता नव्हता. बाईंचा वर्ग बंद झाला. त्या एका शाळेत व्याकरण शिकवू लागल्या आणि तिथेच निवृत्त झाल्या. चिटणीस न्यायालयात लघुलेखक झाला. म्हणतात, प्रत्येक नव्या वहीच्या पहिल्या पानावर तो आधी लिही, कोण बोलत आहे आणि कोणाच्या वतीने.

मित्रांनो, माझ्या पायाची डागडुजी करा, असे मी म्हणणार होते. ते राहू दे. ज्या नियमाच्या भरवशावर तुम्ही मोकळे बोलता, तो आधी कागदावर उतरवा आणि दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. तो सगळ्यांना माहीत आहे, यावर विसंबू नका.

घुमी गेल्या वर्षी आली. केस पांढरे, हातात काठी. कारकुनाला म्हणाली, "दोन मिनिटं बसू का हो हिच्यावर?" बसली. तशीच कडेला, अवघडून. कारकून सोडला तर रिकाम्या असलेल्या दप्तरखान्यात, स्पष्ट आवाजात ती म्हणाली, "कोणाचीही पत्रं उघडू नयेत."

मग उठली. मी थापेची वाट पाहिली. तिने माझ्या हाताला हातही लावला नाही. ते शब्द ती बरोबर घेऊन गेली.