बकुळीखाली हातभर माती

मित्रांनो, मी एक जुनी झारी आहे. मुलुंड पूर्वेला पाण्याच्या टाकीला लागून एक लहानशी बाग आहे. फाटकातून आत शिरलं की समोरच मी दिसते. मला पिवळाधमक रंग दिला आहे. माझं बूड सिमेंटमध्ये पक्कं बसवलं आहे आणि माझ्या तोंडात प्लास्टिकची लाल फुलं कोंबली आहेत. तुम्ही येता, माझ्या दांडीला धरून फोटो काढता आणि झोपाळ्याकडे पळता. आज जरा थांबा. मला बोलायची घाई झाली आहे. माझ्यासाठी नाही, फाटकाजवळच्या बकुळीसाठी. तिची पानं अवेळी पिवळी पडू लागली आहेत. एक झाड असंच जाताना मी पाहिलं आहे, आणि दुसरं जाताना पाहायची माझ्यात ताकद नाही.

माझा जन्म भांडुपचा. चंद्रप्रकाश नावाच्या पत्रेवाल्याने मला जस्ती पत्र्यातून कापलं, ठोकलं आणि डाख लावून जोडलं. माझ्या चाळणीला तो खिळ्याने भोकं पाडत होता तेव्हा कोणीतरी चहा आणला. त्याचं लक्ष उडालं आणि शेवटचं भोक ओळ सोडून बाजूला पडलं. त्यामुळे माझी एक धार कायम डावीकडे जायची आणि मला धरणाऱ्याचा डावा पाय भिजायचा. चंद्रप्रकाश म्हणाला, "चालतंय रे, झाडं काय तक्रार करणार आहेत?" झाडांनी कधी केलीही नाही.

मला विकत घेतलं शिवदासने. शिवदास जालन्याकडचा, या बागेचा माळी. बावीस वर्षांपूर्वी तो इथे आला तेव्हा बाग कसली, भंगार टाकायची जागा होती. त्याने एकट्याने दगड-काचा वेचल्या, माती आणली आणि चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, पांढरा सदरा घालून मधोमध ताम्हणाचं रोप लावलं. ऐन उन्हाळ्यात कोणी रोप लावतं का? येणारे-जाणारे हसले. शिवदास म्हणाला, "दिवस चांगला हाय. पाणी मी घालीन." आणि त्याने घातलं. सकाळी दोन झाऱ्या, संध्याकाळी दोन झाऱ्या, पाऊस येईपर्यंत एक दिवस चुकला नाही. त्याची डावी चप्पल त्या उन्हाळ्यात वाळलीच नाही.

आठव्या वर्षी ताम्हण फुलला. जांभळ्या फुलांनी सगळं झाड भरलं. तेव्हापासून दर एप्रिलला तो फुलायचा, आणि लोक बागेला जांभळी बाग म्हणू लागले. मला तर वाटायचं, त्या रंगात माझंही थोडं पाणी आहे. गर्व म्हणा हवं तर. झारीला दुसरं काय मिळतं?

या बागेवर शिवदासइतकाच जीव आणखी एका माणसाचा होता. नीलाबाई. समोरच्या सोसायटीत राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचे वडील मालवणातून येऊन गिरणीत लागले होते. बाईंनी अर्ध्या मुलुंडला बाराखडी शिकवली असेल. त्या रोज सकाळी ताम्हणाखाली बसून पेपर वाचायच्या आणि बागेच्या समितीचं सगळं काम पाहायच्या. नळ गळाला की बाई, झोपाळा मोडला की बाई.

एके दिवशी पेपरात उपनगरातल्या उत्तम बागांची यादी आली. बाईंनी ती तीनदा वाचली. आमचं नाव नव्हतं.

"बघा शिवदास," त्या म्हणाल्या, "बोरिवलीला जंगल आहे म्हणून ती पहिली. पवईला तलाव आहे. अंधेरीवाल्यांना केवढी मोठी जागा. आणि आपण? आपण कुठेच नाही!"

"आपल्याकडं ताम्हण हाय की, बाई."

"ताम्हण आहे हो. पण ते त्यांना कोण सांगणार?"

तिथेच सगळं बिघडलं, मित्रांनो. त्या वर्षी एका संस्थेने लहान बागांची स्पर्धा जाहीर केली आणि बाईंनी अर्ज भरला. गुण कशाला होते, तर स्वच्छतेला, बसायच्या सोयीला आणि चिखल नसण्याला. झाडाला किती फुलं येतात याला एकही गुण नव्हता. मग सुबोध नावाचा ठेकेदार आला. वाटांवर पेव्हर ब्लॉक बसले. झाडांच्या बुंध्यांना सिमेंटचे गोल पट्टे झाले. ताम्हणाभोवती मोठा पार बांधायचं ठरलं, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना टेकायला होईल.

शिवदासने एकदाच तोंड उघडलं. "बाई, बुंध्याशी हातभर माती सोडायला सांगा. झाडाला बी दम घ्यावा लागतो."

बाईंनी ऐकलं. वहीत चित्र काढून सुबोधला दिलं आणि बुंध्याभोवती हातभर रिकामी जागा लाल पेनने दाखवली. पण शेवटच्या दिवशी काँक्रीट उरलं, आणि सुबोधच्या माणसांनी ते त्या रिकाम्या जागेत ओतून टाकलं. थेट सालीपर्यंत. संध्याकाळी बाई पाहायला आल्या आणि जागीच थबकल्या.

"अहो, इथे माती ठेवायची होती ना?"

"मॅडम, जागा ठेवली की कचरा साचतो. परीक्षक पहिलं तेच बघतात," सुबोध म्हणाला. "आता फोडायचं म्हटलं तर रविवारपर्यंत काही होत नाही. नंतर बघू ना."

रविवारी परीक्षक यायचे होते. बाईंनी बुंध्याकडे पाहिलं, शिवदासकडे पाहिलं, आणि त्या म्हणाल्या, "ठीक आहे. नंतर नक्की." मी त्यांच्या पायाशीच होते. मला तोंड असूनही मी काही बोलू शकले नाही.

आम्ही पहिले आलो. फोटो झाले, पेढे वाटले. 'उत्तम उद्यान, प्रथम क्रमांक' असा काळा दगड पारावरच बसवला. मग ते "नंतर" काही आलंच नाही. आता दगड बसवलेला पार कोण फोडणार? पाणी घालायला फवारे आले आणि मी औजारांच्या खोलीत गेले. तिथे माझ्या बुडाला गंज चढला आणि भोक पडलं. मला राग आला नाही. मला फक्त त्या पाराची काळजी लागून राहिली होती, कारण फवाऱ्याचं पाणी दगडावरून घरंगळून गटारात जाताना मला खिडकीतून दिसायचं.

पहिल्या वर्षी ताम्हणाला फुलं कमी आली. दुसऱ्या वर्षी एकाच फांदीला आली. तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये पानं गळली, ती परत फुटलीच नाहीत. चौदा एप्रिलला शिवदास पांढऱ्या सदऱ्यात झाडाखाली उभा होता आणि वर नुसत्या काड्या होत्या. दहा दिवसांनी बुंध्यावर पालिकेचा कागद चिकटवला गेला. सुकलेलं, धोकादायक झाड, पावसाळ्यापूर्वी तोडणार, हरकत असल्यास सात दिवसांत कळवा.

बाई तो कागद वाचत राहिल्या. शिवदासने नखाने साल खरवडली. आत हिरवं होतं.

"बाई, जीव हाय अजून! मुळाला हवा लागली, पाणी लागलं, तर फुटंल."

दुसऱ्याच दिवशी बाईंनी हरकतीचा अर्ज दिला आणि पोच घेतली. मग त्या रोज पालिकेच्या कार्यालयात जाऊ लागल्या. साहेब कधी साइटवर असत, कधी मीटिंगला. सुबोधला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, देखभाल आमच्याकडे आहे. परवानगीशिवाय पार फोडला तर मला तक्रार करावी लागेल." चौथ्या दिवशी भर दुपारी बाई छिन्नी-हातोडा घेऊन बागेत आल्या. साडीचा पदर खोचला आणि पहिला घाव त्यांनी त्या काळ्या दगडावरच घातला. 'प्रथम' एकीकडे पडलं आणि 'क्रमांक' दुसरीकडे.

शिवदास धावत आला. त्याने त्यांना अडवलं नाही, कुदळ आणली. पार जाड होता. दोघांचे हात सोलवटले. अखेर काँक्रीट निघालं तेव्हा खालची माती पांढरी आणि कोरडी ठणठणीत होती. बारीक मुळं वर येऊन सिमेंटला चिकटून वाळली होती. पाणी शोधत आली असतील बिचारी.

आणि नेमकं दुपारी बागेच्या नळाला पाणी नसतं. मग शिवदासला माझी आठवण झाली! त्याने मला खोलीतून काढलं आणि माझ्या बुडाच्या भोकावर आतून साबणाची वडी घासून ते बुजवलं. टाकीच्या आवारातल्या नळावरून तो मला भरून आणू लागला. तो दमला की बाई आणायच्या. सत्तरीच्या बाई, हातात मी, डावा पाय चिंब, आणि साबण सुटायच्या आत पोचायचं म्हणून त्या पळत असायच्या. मला आयुष्यात कोणी इतक्या घाईने नेलं नव्हतं. मीही एक थेंब वाटेत सांडू नये म्हणून जिवाचं रान करत होते. ताम्हणा, पी रे, एवढंच माझ्या मनात होतं.

असे सतरा दिवस गेले. अठराव्या दिवशी सकाळी सगळ्यात खालच्या फांदीवर दोन पानं दिसली. तांबूस, अंगठ्याच्या नखाएवढी. शिवदास हसला आणि लगेच रडला. बाई पेपर तिथेच टाकून कार्यालयात निघाल्या. पण त्या फाटकापर्यंत पोचल्या असतील नसतील, तोच समोर गाडी येऊन उभी राहिली. दोर, शिडी आणि करवतीचं यंत्र घेऊन माणसं उतरली.

"अहो, थांबा! माझी हरकत आहे, ही पोच बघा," बाई म्हणाल्या. "त्यावर निर्णयच झालेला नाही. आणि झाडाला पानं आलीत, तुम्ही या, बघा तरी!"

त्यांचा मुकादम वाईट नव्हता. तो आला, त्याने मान वर करून ती दोन पानं पाहिली. "दिसली, बाई. पण ही यादी. यात झाड आहे, पानं लिहायला जागा नाही. तुम्ही साहेबांना फोन लावा, मी अर्धा तास थांबतो."

बाईंनी फोन लावला. कोणी उचलला नाही. परत लावला. शिवदासने त्याच्या फोनवरून लावला. मी भरलेली होते, मला कोणीच उचललं नाही, आणि माझ्या बुडातला साबण सुटून पाणी हळूहळू फरशीवर पसरत गेलं. अर्ध्या तासाची चाळीस मिनिटं झाली. मुकादमाने घड्याळ पाहिलं आणि दोर वर फेकला.

बाई बुंध्याला धरून उभ्या राहिल्या. फांदी अंगावर पडेल म्हणून शिवदासने त्यांना ओढून बाजूला आणलं. यंत्र सुरू झालं तशा त्या खाली बसल्या आणि माहेरच्या बोलीत रडू लागल्या, "मियांच मारलंय रे तेका, शिवदास! त्या दिवशी गप रवलंय, मियांच मारलंय!"

बुंधा आतून ओला होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

पार फोडल्याची तक्रार झाली आणि शिवदासला बागेतून काढलं. जाताना तो मला न्यायला आला होता, पण मला परत औजारांच्या खोलीत टाकून तिला नवं कुलूप लावलं होतं. बुंध्याच्या जागी सिमेंट ओतून चौथरा केला. बाई समितीतून बाहेर पडल्या. नव्या समितीने मला रंगवलं, चौथऱ्यात बसवलं, आणि शेजारी पाटी लावली, 'झाडे लावा, झाडे जगवा'. या वर्षी पुन्हा स्पर्धा आहे. परीक्षकांना मी फार आवडेन असं म्हणतात.

आता बकुळीकडे पाहा. तिच्या बुंध्याला सिमेंटचा तोच पट्टा आहे, वर गेरू आणि चुना लावून सजवलेला. रोज संध्याकाळी नीलाबाई तिथे येऊन बसतात आणि पिशवीतून जुना स्क्रू ड्रायव्हर काढून तो पट्टा टोकरतात. पहारेकरी ओरडला की उठून बाकावर जातात, तो वळला की परत येतात. तुम्ही त्यांना वेड्या आजी म्हणता, ते मी ऐकलं आहे. तीन आठवड्यांत त्यांचं पाच बोटांएवढं सिमेंट निघालं आहे. या वेगाने बकूळ वाचणार नाही. हातांना आता जोर नाही हो त्यांच्या.

मला इथून उपटून काढा असं मी म्हणणार नाही. ओढलंत तर माझं बूड सिमेंटमध्येच राहील आणि माझ्यात पाणी थांबणार नाही. मी झारी म्हणून संपले. पण मित्रांनो, तुम्ही खूप जण आहात. तुम्ही लपाछपी खेळता ना, ती आज संध्याकाळी बकुळीभोवती खेळा. बाईंच्या भोवती इतकी गर्दी करा, इतका आरडाओरडा करा की पहारेकऱ्याला त्या दिसूच नयेत. तुमच्यातला कोणी जोराचा असेल तर त्यांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थोडा वेळ मागून घ्या. हातभर माती मोकळी झाली की शाळेच्या बाटलीत उरलेलं पाणी तिथे ओता. मोरीत ओतू नका.

उद्या करू म्हणू नका. "नंतर" हा शब्द मी या बागेत एकदा ऐकला आहे. आज सकाळी बकुळीची सात पानं वाऱ्याने माझ्यावर येऊन पडली. झाडूवालीला ती दिसलीच नाहीत, कारण ती माझ्याच रंगाची होती.