स्वेनिंगने मागितलेली वाटणी

हुल्टा गावाची वाटणी झाली ती एकट्या स्वेनिंगच्या हट्टापायी. कायदाच तसा निघाला होता. अख्खं गाव नको म्हणालं, तरी एका शेतकऱ्याने मागणी केली की सगळी जमीन नव्याने मोजायची आणि ज्याची त्याला एका ठिकाणी आखून द्यायची. तोवर घरं एकमेकांना चिकटून होती, शेतांच्या पट्ट्या एकमेकींत गुंतलेल्या. पेरायचं ते सगळ्यांनी एकदम, कापायचंही एकदम. स्वेनिंगला त्याचा वीट आला होता.

"त्या शेजारच्या मोन्सच्या आळसाचं तण माझ्या पट्टीत उगवतं," तो म्हणायचा. "राबायचं मी, आणि वाट बघायची त्याची? मी म्हणून कुणी आहे की नाही?"

"आहेस की," त्याची आई इंगेबोर म्हणाली. "पण मला इथेच मरू दे बाबा. इथे मेल्यावर खांदेकरी शोधावे लागत नाहीत."

"आई, माणसं काय पळून चाललीत?"

माणसं पळाली नाहीत, घरं गेली. ओंडका ओंडका सुटा करून गाड्यांवरून ज्याच्या त्याच्या जमिनीवर नेली. स्वेनिंगने टेकडीमागचा सलग तुकडा मागून घेतला. पहिल्याच वर्षी पीक असं आलं, की हा शहाणा बांधावर उभा राहून एकटाच हसायचा. म्हातारी खिडकीशी बसून असायची. बाहेर दिसायला लेकाखेरीज कुणी नव्हतं.

नोव्हेंबरात ती गेली. स्वेनिंगने रीतीप्रमाणे फरच्या झाडाच्या डहाळ्या तोडून दाराबाहेर पसरल्या. हुल्ट्यात मरणाचं बोलावणं कधी कुणी केलं नव्हतं. दारात डहाळ्या दिसल्या, की बायका न्हाऊ घालायला यायच्या, बाप्ये शवपेटी उचलायला. बोलावणं धाडणं म्हणजे शेजाऱ्याचा अपमानच. स्वेनिंगने पेटी ठोकली, बायकोने, एलिनने, बिअरचं पिंप उघडलं, आणि दोघं वाट बघत बसली.

कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"जाऊन सांगा ना," एलिन म्हणाली.

"आईच्या खांद्यासाठी भीक मागू? डूख धरून बसलेत मेले!"

सासूला एलिनने एकटीनेच न्हाऊ घातलं. शेवटी नवराबायकोने पेटी कशीबशी ओढून गाडीवर चढवली. चर्चच्या वाटेवर मोन्स आपल्या बांधाला कुंपण ठोकत होता. पेटी बघताच त्याने टोपी काढली.

"इंगेबोरमावशी? कधी?"

"नाटकं करू नकोस. डहाळ्या टाकल्या होत्या दारात."

"अरे, तुझ्या दारावरून जातो कोण आता?" मोन्सला रडू फुटलं. "अंगाखांद्यावर खेळवलं रे तिने मला. तुझं तोंड काय शिवलं होतं?"

स्वेनिंगने मागे वळून बघितलं. टेकडीमागची ती वाट त्याच्या घरापाशी संपत होती. कुणाची ये-जा नको, म्हणून तर त्याने ती जागा पसंत केली होती. आईच्या वेळी तेवढं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

मोन्सने एक पाय कुंपणावर टाकला आणि तो थबकला.

"येऊ का?" त्याने विचारलं.

हुल्ट्यात हे कधी कुणी कुणाला विचारलं नव्हतं. स्वेनिंगला हो म्हणायचं होतं, पण तसं म्हणायची वेळही कधी आली नव्हती. मोन्स बिचारा कुंपणापलीकडे टोपी हातात धरून परवानगीची वाट बघत उभाच राहिला.