उपटायच्या वेलींची वाईन

मळ्याच्या वरच्या तुकड्यातल्या पांढऱ्या द्राक्षाचं नाव गिऱ्हाइकांनी कधी ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे त्याची वाईन कोणी मागत नसे. यंदा त्या वेली उपटून तिथे खपणारी जात लावायची, असं सासऱ्यांनी ठरवून टाकलं होतं. पण सून हटून बसली.

"बाबा, आपण ही द्राक्षं फार पिकू देतो. यंदा मी लवकर तोडते. एक टाकी माझ्या हाताने करू द्या, मग काय ते ठरवा."

आज तिने टाकीचा नळ सोडून पेला भरला. वाईन थंडगार आणि अगदी फिकट होती. सासऱ्यांनी घोट तोंडात घोळवला आणि वाईन चाखणाऱ्यांच्या सवयीप्रमाणे न गिळता बादलीत थुंकला.

"आंबट आहे."

सासऱ्यांनी दुसरा घोट घेतला. बादली समोरच होती, पण हा त्यांनी गिळला.

"हिरवं सफरचंद कचकन चावल्यासारखं वाटतंय गं! आम्ही उगाच हिला गोड करायला बघत होतो." मग त्यांनी दाराकडे वळून सासूबाईंना हाक मारली, "अगं, हातातलं काम टाक आणि ये!"

सासूबाईंनी आल्या आल्या पेला रिकामा केला. "वेली उपटणार होतात ना?"

"कोण म्हणालं? पुढच्या खेपेला दोन टाक्या करायच्या."

सून हसत आणखी एक पेला धुवायला गेली. धास्तीपायी तिने स्वतः अजून थेंबही चाखला नव्हता.