आल्फ ऑर्टन नावाचा कुणीच नव्हता

मला उघडलंत की आधी उंदरांचा आणि मग चिखलाचा वास येईल, त्याबद्दल राग मानू नका. मी एक जुनी नोंदवही आहे, कुराबिन गावच्या दफनभूमीची. १९०९ साली सिडनीच्या एका बांधणीवाल्याने मला हिरव्या कातडी पुठ्ठ्यात शिवलं आणि मालगाडीने मी इथे, मेंढ्यांच्या मुलखात, आले.

माझ्या प्रत्येक पानावर सात रकाने आहेत. तारीख, नाव, वय, धर्म, ओळ, क्रमांक आणि शेवटी शेरा. हा शेवटचा रकाना बहुतेक जण रिकामाच सोडत. आर्थर ट्रेगिअर सोडत नसे. तो इथला कबरी खणणारा. काम झालं की हात स्वच्छ धुऊन माझ्यासमोर बसायचा आणि त्या अरुंद जागेत मुंगीएवढ्या अक्षरात लिहायचा. कोण सगळ्यांत शेवटी घरी गेलं, कुणाचा कुत्रा तिथून हलेना.

गावचा कारकून म्हणायचा, "आर्थर, ही वही आहे, वर्तमानपत्र नव्हे."

"वर्तमानपत्रात यांचं कोण छापतंय?" आर्थर म्हणायचा आणि पुढे लिहायचा.

मित्रांनो, ज्याची गोष्ट मला सांगायची आहे तो माणूस १९३४ च्या जुलैत आला. तेव्हा कामधंदा मिळत नव्हता. माणसं मालगाड्यांवर चढून गावोगाव फिरत. हा उत्तरेकडून आलेल्या गाडीतून उतरला तो तापाने फणफणलेला. स्टेशनामागे खाणावळ चालवणाऱ्या आयव्ही मल्केहीबाईंनी त्याला आपल्या मागच्या खोलीत निजवलं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

"नाव काय त्याचं?" आर्थरने विचारलं.

"आल्फ ऑर्टन, असं ऐकू आलं मला. लढाईत गॅसने घसा गेला होता रे त्याचा. नुसतं कुजबुजायचा."

"आणि गाव?"

"ते विचारायचं राहिलं. जरा बरं वाटू दे, मग विचारू, म्हटलं." बाईंनी बाहीनेच डोळे पुसले. "घरी निघालोय, एवढं मात्र तीनदा म्हणाला."

आर्थरने नाव लिहिलं, वय अंदाजे चाळीस, ओळ सात, क्रमांक एकतीस. शेऱ्यात लिहिलं, 'माजी सैनिक. गॅसने आवाज गेलेला. डाव्या हाताला करंगळी नाही. पिशवीत लहान मुलीचे नवे लाल बूट होते, ते सोबतच ठेवले. घरी निघाला होता.' दगड लावायला कुणी नव्हतं. आर्थरने लोखंडाच्या खुंटीवर ३१ हा आकडा ठोकला आणि ती त्याच्या डोक्याशी रोवली.

पुढे आर्थरचंही नाव माझ्यात आलं. त्याच्या ओळीपुढे शेरा कुणी लिहिला नाही, याची मला आजही खंत आहे.

मग माझे वाईट दिवस आले. एका नव्या कारकुनाने माझ्यातली नावं टाइप करून यादी केली. शेऱ्यांना त्या यादीत जागा नव्हती. "आता ही कशाला हवी?" असं म्हणून मला गवत कापायच्या यंत्रांच्या शेडमध्ये ठेवलं. तिथे उंदरांनी माझा कोपरा खाल्ला. पुरात मी दोन दिवस चिखलात पडून होते. शेवटी एका साफसफाईत मला कचऱ्याच्या डब्यात टाकलं. तिथून मला उचललं डेस पोकॉकने. डेस निवृत्त बसचालक, गावच्या छोट्या संग्रहालयाची किल्ली त्याच्याकडे असते. त्याने माझं एकेक पान टिपकागदात घालून सुकवलं. आयुष्यात माझे इतके लाड कुणी केले नव्हते.

२०१९ च्या एप्रिलमध्ये लिनेट नावाची एक बाई संग्रहालयात आली. ती अकरा वर्षं आपल्या पणजोबांची कबर शोधत होती. विल्फ्रेड हॉटन, पहिल्या महायुद्धातला शिपाई. कामासाठी उत्तरेला गेला, दोन पत्रं आली आणि पुढे काहीच नाही. त्याच्या गावाने ठरवून टाकलं की त्याने तिकडे दुसरं घर केलं. त्याची मुलगी युना तेव्हा पाच वर्षांची होती. शाळेत पोरी तिला 'पळपुट्याची पोर' म्हणत. आईने तर घरात त्याचं नाव घ्यायचंच बंद केलं. ती युना आता एक्क्याण्णव वर्षांची होती आणि लिनेट तिची नात.

"हॉटन नाही आमच्याकडे," डेस म्हणाला. "दोनदा पत्राने कळवलंय तुम्हाला. यादीत बघूनच."

"ठाऊक आहे. नावाने शोधणं मी सोडलंय. मूळ वही दाखवा. त्यांची पत्रं थांबली त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत एकटेच मेलेले पुरुष हवेत मला."

"एकटे पुरुष? आमच्या क्लबात जिवंतही पुष्कळ आहेत."

लिनेट हसली. उत्तरेकडे जाणाऱ्या रेल्वेवरची आठ गावं तिने अशी वाचून काढली होती, माझं नववं. तिच्याजवळ विल्फ्रेडच्या लष्करी कागदांची नक्कल होती, त्यात गॅसची आणि तुटलेल्या डाव्या करंगळीची नोंद होती. तिचं बोट एकेक ओळ खाली सरकत होतं. करंगळीपाशी ते थांबलं.

"डेस, एक काम करा. घसा बसल्यासारखं, अगदी हळू म्हणा. विल्फ हॉटन."

डेसने तिच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं, पण म्हटलं. "विल्फ हॉटन. विल्फ ऑटन." तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ऐकू आलं ते वेगळंच. "आल्फ ऑर्टन." त्याने डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली.

लिनेटने तिथूनच फोन लावला. "आजी, तुझे वडील जाताना त्यांनी तुझं काहीतरी मोजलं होतं ना? मला पुन्हा सांग."

"पाय मोजला होता. दोरीच्या तुकड्याने. का ग?"

लिनेटने शेरा वाचून दाखवला, शब्द न शब्द.

"म्हणजे ते पळून नव्हते गेले," युना म्हणाली.

"नाही आजी. घरी निघाले होते."

"हं," युना म्हणाली. "मग ठीक आहे." आणि ती रडायला लागली. लिनेट सांगते की आजीला रडताना तिने कधीच पाहिलं नव्हतं.

डेसने दफनभूमीत जाऊन टेपने ओळ सात मोजली. लोखंडी कांबीने जमीन टोचत गेला. वीतभर खाली कांब टणकन वाजली. माती खरवडली तर खुंटी, आणि खुंटीवर ३१.

तीन आठवड्यांनी युना आली. मलाही पेटीतून कबरीपाशी नेलं होतं. इथून तिचं यारोल गाव फक्त चार स्टेशनं पुढे. ती घडीच्या खुर्चीवर बसली, थर्मासमधला चहा प्यायली आणि मग डेसला म्हणाली, "पोरा, ही खुर्ची जरा मागे घे. मी बापाच्या पायांवर बसलेय बहुतेक." चौऱ्याहत्तर वर्षांच्या पोराने खुर्ची मागे घेतली. सगळे हसले. युना सगळ्यांत जास्त हसली. पाठीवरचं ओझं उतरवून ठेवलेल्या माणसाचं हसू होतं ते.

निघताना तिने मला मांडीवर घेतलं. डेसला पेन्सिल काढायला लावली आणि आर्थरच्या अक्षराखाली सांगून लिहून घेतलं, 'खरं नाव विल्फ्रेड हॉटन. मुलगी भेटून गेली.'

मित्रांनो, घरातली, कचेरीतली जुनी वही रद्दीत टाकावीशी वाटली, तर आधी ती शेवटच्या रकान्यापर्यंत वाचा. यादी केली म्हणजे वही संपत नाही. मी आता कोरड्या पेटीत असते, अंग जरा दुखतं, पण अक्षरं शाबूत आहेत. माझ्या पानांत अजून सतरा माणसं चुकीच्या किंवा अर्ध्या नावाने पडून आहेत. त्यांच्यासाठी कुणी विचारत येईल तेव्हा मी वाचता येण्याजोगी असले पाहिजे. तेवढं मला सांभाळा.